जावयाला बाहेर कसं बसवायचं?

जावयाला संघातून काढता येत नाही, ही गोष्ट आमच्या गावाला कळायला तीन मोसम लागले. मला ती दुसऱ्याच मोसमात कळली होती. पण मी पडले सासू, माझं ऐकतो कोण?

आमचं गाव पालघरच्या पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे. वाड्यांचं गाव. केळी, नारळ, पानवेली, थोडी भाजी आणि मागे भाताची शेतं. भातकापणी झाली की त्यातलं एक सपाट शेत पोरं ताब्यात घेतात, धसकटं काढतात, टँकरने पाणी मारून रोलर फिरवतात आणि मे महिन्यापर्यंत तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. माझे मिस्टर याच शेतात स्टंपमागे उभे राहायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता मिस्टर गुडघ्यांमुळे घरी टीव्हीसमोर बसतात आणि मी बांधावर खुर्ची टाकते. सामना चालू असताना माझं तोंडही चालू असतं, हे मला मान्य आहे. काकी बांधावर असली की अंपायरची गरज नाय, असं पोरं म्हणतात.

आसपासच्या गावांची दरवर्षी एक मोठी स्पर्धा होते. एक गाव, एक संघ, आणि खेळणारा त्याच गावचा हवा. बाकीच्या स्पर्धांत हल्ली पैसे मोजून लांबलांबचे खेळाडू आणतात, त्यांना संघातल्या इतरांची नावंसुद्धा माहीत नसतात. आमच्या स्पर्धेत तसलं काही नव्हतं, म्हणून मला ती आवडायची. हरलो तरी आपलीच पोरं हरली, असं म्हणून घरी जाता यायचं.

माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा डावखुरा बोलर. आमच्याच वाडीत शिकला. नारळाच्या दोन रांगांमध्ये जी मोकळी पट्टी आहे ती त्याची पिच आणि टोकाचा नारळ हा स्टंप. माझी वांग्याची रोपं त्याने किती वेळा आडवी केली, त्याला हिशोब नाही. मी ओरडायचे आणि मग उभी राहून बघत बसायचे. त्याचा एक बॉल असा होता, की हात जोरात फिरायचा आणि बॉल मात्र सावकाश, जरा बाहेरून यायचा. समोरचा बॅट फिरवून मोकळा व्हायचा, मग बॉल पोचायचा. हा बॉल त्याला कुणी शिकवला नाही. आमच्या गावात कुणी कुणाला काही शिकवत नाही, तो वेगळाच राग आहे माझा. मैदानासाठी वर्गणी निघते, टी-शर्टसाठी निघते, भोंग्यासाठी निघते. पण संध्याकाळी चार पोरांना उभं करून बॉल कसा पकडायचा ते दाखवावं, असं कुणाला सुचत नाही.

पुढे तो बोईसरला कारखान्यात लागला. रात्रपाळी करून आला तरी आंघोळ करून मैदानात हजर. संघात त्याला मधली एखादी ओव्हर मिळायची. मला एवढंच हवं होतं, की मोठ्या स्पर्धेत आपल्या गावाची पहिली ओव्हर या पोराने टाकावी. पहिली ओव्हर म्हणजे नवा बॉल, आणि नवा बॉल ज्याच्या हातात देतात त्याच्यावर गावाचा विश्वास असतो. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

अशात माझ्या मुलीचं लग्न झालं. जावई बोईसरजवळच्या सरावलीचे. त्यांचे वडील सांगलीकडून तारापूरच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. जावईही तिथेच नोकरीला. सरावलीच्या त्या वस्तीत सगळे आपापली गावं सांगली-जळगावला ठेवून आलेले, त्यामुळे आमच्या स्पर्धेत त्यांचा संघ नव्हता. आणि जावई बॅटिंग करायचे. नुसती करायचे नाहीत, बॉल थेट खाडीच्या बाजूला पाठवायचे. हळद उतरायच्या आत आमच्या कप्तानाला हे कळलं.

त्या वर्षीच्या बैठकीला सगळ्या गावांचे कप्तान आमच्या देवळाच्या मंडपात जमले होते. चहा द्यायला म्हणून मी तिथेच. आमचा कप्तान उठून म्हणाला, "जावय म्हंजे गावचा पोरगाच की नाय? लग्नात आपण त्याचे पाय धुतो, मग मैदानात त्याला परका कसा म्हनायचा?" बाकीचे आधी हसले. मग प्रत्येकाने मनातल्या मनात आपापल्या गावचे जावई आठवून बघितले असणार, कारण चहा संपायच्या आत नियम झाला. जावई चालेल.

पहिल्या मोसमात जावयांनी आम्हाला चषक मिळवून दिला. खोटं कशाला बोलू, मीही बांधावर उभी राहून ओरडले. माईकवाला "गावाचे लाडके जावई" म्हणाला की शेजारच्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी पदर सारखा करायचे. पुतण्या त्या मोसमात बाहेर बसला, पण चषक आला म्हटल्यावर कोण बोलणार?

दुसऱ्या मोसमात आमच्या संघात चार जावई होते. गावात कुठल्याही मुलीला स्थळ आलं की मुलाचं शिक्षण, नोकरी आणि तो कितव्या नंबरवर खेळतो, या क्रमाने चौकशी सुरू झाली. सकाळचा नाश्ता आधी जावयांना, मग गावच्या पोरांना. जावई शून्यावर बाद झाला तर "ऊन डोल्यावर येतंय, बॉल दिसत नाय" असं सगळे म्हणायचे. गावचा पोरगा शून्यावर बाद झाला तर त्याची आई, बाप आणि मोबाईल, तिघांचाही उद्धार व्हायचा. पुतण्या पाण्याच्या बाटल्या घेऊन धावायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी बघत होते.

आणि माझ्या जावयांचा खांदा दुखायला लागला. कारखान्यात पिंपं हलवून हलवून धरला होता. पूर्वीसारखा हात फिरेना. त्यात सगळ्या गावांच्या बोलरना कळलं, की यांना बाहेरचा हळू बॉल टाका, ते ओढायला जातात आणि झेल देतात. एकामागून एक सामन्यात तेच. बांधावर बसून मी तो झेल आधीच बघायचे. दुसरा कुणी असता तर मी काय काय बोलले असते! पण मुलीचा नवरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी एके सकाळी मी कप्तानाच्या घरी गेले. म्हटलं, "माझा जावई हाय, म्हनून मीच सांगते. त्यांना बसव आणि आमच्या पोराला घे."

तो म्हणाला, "काकी, तुमचं खरं हाय. पन जावयाला भायेर कसं बसवायचं? उद्या ते तोंड पाडून बसले तर गावाची शोभा व्हईल. आनि पयला बोल तुमीच लावाल मला."

"आणि आमचा पोरगा तोंड पाडून बसतो त्याचं काय?"

"तो काय, आपल्या घरचाच हाय."

घरचाच. हा शब्द ऐकून माझं डोकं इतकं फिरलं, की चहा न घेताच निघाले.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई ताटावर बसले, भाकरी मोडली आणि स्वतःच म्हणाले, "आई, मला पण कळतंय की. खांदा वर जात नाही. मी आपला बसतो बाहेर. पण नको म्हटलं तर गावाचा अपमान होईल, असं वाटतं. एवढा मान देतात सगळे."

मला इतकं हलकं वाटलं! सोन्यासारखा माणूस. म्हटलं, "अपमान कसला होतोय? तुम्ही सांगून टाका. मोकळे व्हा."

त्यांनी तिथूनच कप्तानाला फोन लावला आणि सरळ सांगितलं, की मी या वेळी खेळत नाही, दुसऱ्या कुणाला तरी घ्या.

आता कुठल्याही शहाण्या गावात यावर काय झालं असतं? "बरं" म्हणून दुसरा खेळाडू घेतला असता. आमच्या गावाने याचा अर्थ लावला, जावई रुसला! कुणी म्हणालं, नाश्त्याला उशीर झाला होता. कुणी म्हणालं, मोसमाच्या सुरुवातीला इतर जावयांना मानाचा नारळ दिला आणि यांचा राहिला. काकीच काहीतरी बोलली असणार, असंही निघालं. दुसऱ्याच दिवशी कप्तान, मंडळाचा अध्यक्ष आणि आणखी काही जाणती माणसं गाडी करून सरावलीला गेली. सोबत केळीचा घड, मिठाईचा खोका आणि नवी कोरी बॅट. जावयांनी दहादा सांगितलं, अहो खांदा दुखतोय. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "खांद्याचं र्‍हाऊ द्या, मनातला काय तो सांगा." नवी बॅट हातात ठेवल्यावर माणूस काय करणार? मुलीचा मला फोन आला, "आई, तू आता कुणाला काही सांगायला जाऊ नकोस." जावई खेळले आणि बाहेरच्या हळू बॉलवर झेल देऊन आले. सगळ्यांनी ऊन डोळ्यावर येत असल्याचं सांगितलं.

सामना संपल्यावर पुतण्या बाटल्या गोळा करत होता. मी मात्र त्याच्यासमोरच कप्तानाला शिव्या घातल्या. पुतण्या म्हणाला, "जाऊ दे काकी, पुडल्या वर्षी बघू."

पुढच्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. मुलगी उमरोळीच्या पलीकडच्या गावची, साधी, हसरी. आम्ही सगळे नाचलो. कप्तान सगळ्यात पुढे होता. पुतण्याच्या सासऱ्यांनी त्याचे पाय धुतले तेव्हा मी तिथेच उभी होते, पण खरं सांगते, माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आमच्या गावाने स्वतःच्या तोंडाने मागून घेतलेला नियम होता तो, आणि आपलीही पोरं कुणाची तरी जावई होणार, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

तिसऱ्या मोसमात उपांत्य सामना पुतण्याच्या सासरच्या गावाशी पडला. त्यांचे आधीचे सामने दुसऱ्या मैदानावर झाले होते, आणि पुतण्या दिसत नाही तो नव्या संसारामुळे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी आधी बॅटिंग केली. मग आमची बॅटिंग सुरू व्हायच्या आधी त्यांच्या माईकवाल्याने घसा साफ केला. "पहिली ओव्हर टाकायला येत आहेत आपल्या गावाचे लाडके जावई!"

मी खुर्चीतून उठले. त्यांच्या निळ्या टी-शर्टात आमचा पोरगा नवा बॉल मांडीवर घासत चालला होता. त्यांचा कप्तान, वयाने केवढा मोठा माणूस, त्याला विचारून विचारून फिल्डर लावत होता. इकडे की तिकडे? आणखी मागे जाऊ? आमच्या कप्तानाचा चेहरा मला दिसत होता. दिसला ते बरंच झालं.

सामना शेवटच्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलपर्यंत आला. बॉल पुन्हा पुतण्याकडे आणि बॅटिंगला माझे जावई. एक मोठा फटका लागला असता तर आम्ही जिंकलो असतो. मुलगी माझ्या शेजारी, तिने माझा हात घट्ट धरलेला. कुणासाठी देवाला हाक मारू, तेच मला कळेना. पुतण्या धावत आला, त्याचा हात जोरात फिरला आणि मला नारळांच्या रांगा दिसल्या. बॉल सावकाश, जरा बाहेरून. जावयांनी ओढला. तो वर गेला, खूप वर गेला आणि लाँगऑनला त्यांच्या माणसाच्या हातात उतरला.

मी टाळ्या वाजवल्या. हात आपोआप उठले. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, मुलगीसुद्धा. बघू दे. जावयांनी मात्र बॅट काखेत धरली, पुतण्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत बाहेर आले. येताना मला म्हणाले, "आई, आता तरी बसवतील ना?"

सामन्यानंतर कप्तान पुतण्याकडे गेला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पुडल्या वर्षी आपल्याकडनं खेलायचं हां. पयली ओव्हर तुजी."

पुतण्या म्हणाला, "आता कसं जमेल? तिकडं नाय म्हटलं तर त्यांना वाटेल मी रुसलो."

कप्तानाने हात काढून घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या नाहीत.

संध्याकाळी पुतण्या बायकोला घेऊन घरी आला. ती आत मिस्टरांना पाणी देत होती. तो मागच्या दाराने वाडीत गेला आणि त्या टोकाच्या नारळाला टेकून उभा राहिला. मी चहा घेऊन गेले. त्याने कप घेतला, पण प्यायला नाही.

"काकी, एक विचारू? तिकडं मला पयल्या दिवशी बॉल दिला. विचारला पन नाय, टाकतो का म्हनून. मी तोच हाय, बॉल पन तोच हाय." कप नारळाच्या बुंध्याशी ठेवून म्हणाला, "मग इतकी वर्सं माजं चुकत काय होतं?"

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुजं काय बी चुकलं नाय, बाला. तू इथं जन्मलास."