बहात्तर मिनिटांचं हैदराबाद

गुळाचा ट्रक घेऊन कोल्हापूर ते हैदराबाद मी उभं आयुष्य फिरलो. वाट दीड दिवसाची. त्यामुळे उजळाईवाडीच्या विमानतळावर तिकिटात एक तास पंचवीस मिनिटं वाचली, तेव्हा छापणाऱ्याची चूक असणार असंच वाटलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण रस्ता मला कुणी शिकवू नये.

निघालो होतो लेकीकडे, सुनंदाकडे. तिनं लग्न स्वतःच्या पसंतीनं केलं, म्हणून सहा वर्षं तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. गावात मात्र सांगायचो, "हैदराबाद लय लांब हाय." यंदा मीच फोन करून येतो म्हणालो. ती नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ काही लागत नव्हता.

विमानात शिरलो आणि यष्टीच्या सवयीनं खिडकीच्या जागेवर टॉवेल टाकला. मागून इचलकरंजीच्या एक बाई आल्या.

"आजोबा, ही जागा माझी. नंबर बघा."

"टॉवेल कुणाचा हाय?"

"तुमचा."

"मग?"

बाई हसायलाच लागल्या. "बसा पावणं! टॉवेलाफुडं माझं काय चालतंय?"

चाकं सुटली तशी मी घड्याळात वेळ धरली. थोड्याच वेळात खाली दोन नद्या एकमेकींना मिळताना दिसल्या. कुरुंदवाड! ट्रकनं इथवर यायला दोन चहा व्हायचे. पुढं मी सोलापूर शोधू लागलो. ते काही येईना.

"विमान सोलापूरला कशाला जाईल?" बाई म्हणाल्या. "सरळ जातंय की."

म्हणजे वेळच नव्हे, अंतरही कमी. ट्रकनं मी इतकी वर्षं केवढा वळसा घालत होतो!

चाकं टेकली. बहात्तर मिनिटं. तिकिटातली बाकीची कुठं गेली, असं हवाईसुंदरीला विचारलं. जमिनीवरचं जाणं-येणंही त्यात धरतात, म्हणाली. पटलं.

बाहेर सुनंदा उभी होती. पाया पडली, पण नजरेला नजर दिली नाही.

"आबा, किती वेळ लागला?"

"बहात्तर मिनिटं!" मी ऐटीत सांगितलं.

"मग यायला सहा वर्षं कशी लागली?"

मी पिशवी उचलायला वाकलो. जावयानं ती हातातून घेतली. चार दिवस गोंगुरा (अंबाडीची भाजी) आणि भात खाल्ला, चारमिनार पाहिला, पण त्या प्रश्नाला बगल देत राहिलो.

परतताना ऐंशी मिनिटं लागली. वारा समोरून होता म्हणे. विचार करायला ती आठ मिनिटं बरी पडली.

गावात पारावर सगळे जमलेच होते. "काय आबा, लय लांब हाय की हैदराबाद?"

"लांब न्हाय," मी म्हणालो. "मी रुसलोतो."

घरी येऊन तेच सुनंदाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हे समोर बसून सांगायचं, आबा."

पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं आहे.