बर्नाडीन माझूरचा बोल्ट
बर्नाडीन माझूर सकाळपासून गाडीच्या पुढच्या चाकाच्या पोकळीत डोकं खुपसून बसली होती, आणि आतून जे शब्द बाहेर येत होते ते ईस्टरच्या आधीच्या उपासांत कुठल्याही कॅथलिक बाईच्या तोंडी शोभले नसते.

“ऐकू येतंय मला सगळं,” ड्रायव्हरच्या सीटवरून तिची सासू म्हणाली.

“तुम्ही ब्रेक दाबा हो! पाय सैल पडला की इंजिन फिरतं नि बोल्ट तिथंच राहतो.”

“दाबलाय. तुझी जीभ तेवढी सैल आहे.”

सासूला मिशिगनमधल्या बे सिटीतली ती सगळी पोलिश गल्ली बुशा म्हणे, म्हणजे आजी. नव्वदी उलटली होती, अंगावर शाल, डोक्याला रुमाल, आणि गिअरमध्ये टाकलेल्या गाडीचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबून ती खुशाल बसली होती. बर्नीचा नवरा वारला तेव्हा शेजारणींनी ‘आता म्हातारीला कुठं ठेवणार?’ असं विचारून पाहिलं. ‘स्वयंपाकघरात. तिथंच बसते ती,’ असं उत्तर मिळाल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

बर्नीनं आयुष्यभर कारखान्यात उभं राहून लोकांच्या गाड्यांचे बोल्ट आवळले. कारखाना बंद झाला. बरेच दिवस घरी बसल्यावर शेजारच्या सॅगिनॉ शहरात इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, सोमवारपासून, पहाटेच्या पाळीचं. त्या वेळी बस नाही. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं. आणि नेमका गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला. पंप पट्ट्याच्या मागे, पट्टा पुलीच्या मागे, आणि पुली धरून बसलेला हा एकटा बोल्ट. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर बर्फावर मीठ टाकतात. ते मीठ खाऊन खाऊन तो इंजिनाचाच अवयव होऊन बसला होता.

समोरच्या घरातून दीर आला. लेनर्ड. मनानं चांगला, पण दुसऱ्याचे निर्णय घेण्याची भारी हौस.

“भंगारवाल्याला फोन केलाय मी. दुपारी ट्रक येईल.”

बर्नीनं डोकं बाहेर काढलं. “कुणाच्या गाडीसाठी?”

“बर्नी, ही गाडी संपलीय. मी सोडत जाईन तुला रोज.”

रोज पहाटे, अंधारात, सॅगिनॉपर्यंत लेनर्डची मतं! बर्नीनं गोटी पान्याच्या दांड्यावर कुंपणाचा लोखंडी पाईप सरकवला आणि सगळा भार टाकून त्यावर लोंबकळली. पाईप वाकला. पाना सटकला. ती पाठीवर आपटली, बोटांची सालं निघाली.

“कोपरे झिजायला लागले,” लेनर्ड वाकून म्हणाला. आता त्याच्या आवाजात भंगारवाला नव्हता, तोही जुना कारखान्यातलाच. “आणखी एकदा सटकला तर गोल होईल. मग देवसुद्धा काढणार नाही.”

“तापवते.”

“नुसता तापवून नाही भागायचं. तापवून मेण लावायचं. गरम आट्यांत मेण आत ओढलं जातं.”

मेण! बर्नी घरात धावली. बरण्यांतल्या सुवासिक मेणबत्त्या होत्या, बोट लावलं तरी चिखल होणाऱ्या. लेनर्डकडे वाढदिवसाच्या केकवरच्या, काडीएवढ्या. ती हात हलवत परत आली.

“खणात माझी ग्रोमनित्सा आहे,” बुशा म्हणाली.

ग्रोमनित्सा म्हणजे फेब्रुवारीत चर्चमधून मंतरून आणायची मधमाशीच्या मेणाची जाड मेणबत्ती. वीज कडाडली की खिडकीत लावायची. नाहीतर मरणाऱ्याच्या हातात द्यायची, वाट दिसावी म्हणून.

“मा, ती तुझी...” लेनर्ड अडखळला. “ती त्यासाठी आहे.”

“कशासाठी आहे ते मला शिकवू नकोस. ही सोमवारी कामावर गेली नाही तर घरात दिवसभर माझ्या डोक्यावर बसेल, मग लागेलच ती मला. आण जा.”

“आणि तुम्हाला मध्येच काही झालं तर?” बर्नीनं विचारलं.

“पुढच्या फेब्रुवारीत नवी मिळते. तोवर मरत नाही. बस्स?”

लेनर्डनं आणताना क्रूसाची खूण केली, देताना पुन्हा केली. बर्नीनं गॅसच्या बर्नरची ज्योत बोल्टच्या डोक्यावर धरली. “मागचं रबर जाळशील!” लेनर्ड ओरडला. “गप्प बस!” लोखंडाचा रंग बदलला, तिनं ज्योत बाजूला केली आणि मेणबत्ती टेकवली. चर्र झालं. धूर निघाला, मध जळल्यासारखा वास आला, आणि मेण खरोखरच कडेनं आत नाहीसं झालं, जणू कुणी आतून पीत होतं.

गल्लीच्या तोंडाशी ट्रक वळला.

“मा, ब्रेक!” आता दोघंही ओरडले. बर्नीनं हातोडीनं पाना बोल्टच्या डोक्यावर घट्ट ठोकून बसवला. लेनर्डनं न सांगता पाईपचं दुसरं टोक धरलं. दोघांनी श्वास रोखून जोर लावला. पाईप वाकत गेला, वाकत गेला, आणि बंदुकीसारखा आवाज झाला.

“बोल्ट तुटला!” लेनर्ड मटकन खाली बसला.

बर्नीनं पाना हलक्या हातानं फिरवला. फिरला. पुन्हा फिरवला. फडक्यात धरून तिनं बोल्ट बाहेर ओढला. अख्खा! काळा, कुरूप, शेवटच्या आटीपर्यंत अख्खा.

तिनं अशी आरोळी ठोकली की समोरचं कुत्रं भुंकायला लागलं. बुशानं हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

भंगारवाला उतरून आला. “हीच ना ती गाडी?”

“ती?” बर्नी म्हणाली. “ती सोमवारी कामावर जाणार आहे. परत जा.”

“मग फोन कुणी केला?”

लेनर्ड वाकून खाली पडलेली हत्यारं गोळा करायला लागला. ट्रक गुरगुरत निघून गेला. बर्नी पुन्हा चाकाच्या पोकळीत शिरली. पुली, पट्टा, पंप, सगळं अजून व्हायचं होतं.

“लेनर्ड, ती टॉर्च धर. वर. नाही, वर!”

त्यानं धरली. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, “सोमवारी काही अडलंच, तर...”

“तर मी फोन करीन,” आतून आवाज आला. “तू करायचा नाहीस.”