डूख धरणाऱ्या बाई

रविवारी सकाळी चंद्रपूरच्या मासळी बाजारात जाऊन आमच्या बाई मासे घेत नसत, नुसती माशांच्या पोटातली अंडी घेत. अंड्यांची पिशवी अख्खी हवी, वरचा पापुद्रा फाटलेला नको, एवढीच अट. विकणाऱ्या बायका त्यांच्यासाठी ती बाजूला काढून ठेवायच्या. पहिल्यांदा सोबत गेलो तेव्हा मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधलं आमचं घर शाकाहारी, आणि मला वाटलं बाईंना हा पदार्थ फारच आवडत असावा.

"रुमाल काढ बाबू," त्या म्हणाल्या. "आजपासून हेच तुह्यं स्वादुपिंड हाय."

बाई म्हणजे डॉ. कुसुम मेश्राम. तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर घरातल्या, आणि आमच्या हॉस्पिटलच्या मुख्य सर्जन. पोटाला लहान भोकं पाडायची, आत कॅमेरा घालायचा आणि पडद्यावर पाहत स्वादुपिंडातली गाठ काढायची, हे काम मी त्यांच्याकडे शिकत होतो. गाठ काढण्यापेक्षा अवघड काम पुढे असतं. उरलेलं पिंड आतड्याला शिवून जोडावं लागतं, आणि ते इतकं मऊ की टाका जरा ओढला की चिरत जातं. सांधा गळला तर त्याचा पाचक रस माणसालाच आतून खाऊ लागतो.

"हे पिंड खुनशी हाय," बाई म्हणायच्या. "धक्का लागला तं त्या दिवशी काईच बोलत नाई. डूख धरते अन् चार दिवसांनी चावते."

डूख धरण्यात बाईही काही कमी नव्हत्या. नागपूरला ज्या मोठ्या सरांकडे त्या शिकायला गेल्या होत्या, त्यांनी त्यांना अख्ख्या मुक्कामात कॅमेरा धरण्यापलीकडे काही करू दिलं नाही. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "कुसुम, तुझे हात जाळं ओढायचे. तू कॅमेराच धर, आणि हलू नकोस." बाई हलल्या नाहीत. कॅमेरा धरून त्यांनी सरांचा प्रत्येक टाका डोळ्यांनी चोरला आणि खोलीवर येऊन बुटांच्या खोक्यात माशाच्या अंड्यांवर घातला. हे सांगताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. मला त्याचीच भीती वाटायची.

तेच खोकं माझ्या नशिबी आलं. झाकणाला भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा, समोर पडदा, आणि लांब दांड्याच्या चिमट्यांनी दोन पिशव्या एकमेकींना शिवायच्या. महिनोन्‌महिने माझ्या हातून पापुद्रा फाटत होता. एकदा मात्र टाके असे बसले की मी खोकं उचलून थेट बाईंच्या टेबलावर नेलं. बाईंनी बोटानं दाबून पाहिलं.

"गरम पाण्यानं धुतलं का रे?"

"वास येत होता, बाई."

"मंग हे शिजलं. याले भाजी म्हणतात. जिवंत पिंड असं कडक राह्यते का?" मग त्यांनी खोक्यातला दोरा घेतला आणि एक गाठ घालून दाखवली. त्यांचे वडील जाळी विणत, त्यांचंच वाक्य त्या सांगायच्या, "गाठ ओढाची नसते, बसवाची असते."

पुढे आमच्याकडे शस्त्रक्रियेची कार्यशाळा ठरली. ऑपरेशन थिएटरमध्ये चालणार आणि बाहेर सभागृहातले डॉक्टर ते पडद्यावर बघणार. प्रमुख पाहुणे म्हणून बाईंनी नागपूरच्या सरांनाच बोलावलं. आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं, आता वय झालं, तुम्ही जुना राग सोडून दिलेला दिसतो.

"सोडून काऊन देऊ?" त्या म्हणाल्या. "त्यालेच तं दाखवाचं हाय. अन् उद्याचे टाके तुह्ये."

पेशंट जिवतीकडच्या रुख्माबाई होत्या. बाई मला त्यांच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. "आतले टाके हा शिवन. मी बाजूलेच हाओ."

रुख्माबाईंनी माझे हात निरखून पाहिले. "शिव बापा. पन मले घरी जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी गाठ बाईंनी काढली. सांधा तेवढा उरला होता. त्याच वेळी सभागृहात सरांचं भाषण चाललं होतं आणि स्पीकरवरून ते आम्हाला आत ऐकू येत होतं. "कुसुमला मीच घडवलं. हाताला धरून शिकवलं." बाईंचे हात थांबले. त्या माईककडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "सर, आत या ना. तुमच्या हातानं कॅमेरा धरा."

भरल्या सभेत नाही कसं म्हणणार? सर हात धुऊन, गाऊन चढवून आले. कॅमेरा हातात घेतला आणि पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं. हात म्हातारे झाले होते. ती थरथर बाहेर सगळं सभागृह बघत होतं. मी अजून सुई उचलली नव्हती, बाईंनी खुणेनं मला थांबवून ठेवलं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "हलू नका."

मला त्या वेळी फार बरं वाटलं, ते मी लपवत नाही. सरांच्या कपाळावर घाम आला. मग बाई नर्सला म्हणाल्या, "सरांना खुर्ची द्या, थकले ते," आणि कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. चित्र जागच्या जागी थांबलं. मी शिवत गेलो. कानाशी बाईंचा आवाज येत होता, "ओढू नको. बसू दे."

नंतर मी विचारलं, सरांनाच का नाही धरायला लावलं शेवटपर्यंत? "डूख सरांवर होता," त्या म्हणाल्या. "रुख्माबाईनं माह्यं काय बिघडवलं?"

सांधा गळला नाही. रुख्माबाई भाताला कंटाळून भाकरी मागायला लागल्या आणि चालत गाडीत बसून जिवतीला गेल्या. त्या दिवशी मी बाईंना म्हटलं, आता तरी सरांना माफ करा.

"माफ केलं तं माह्ये हात ढिले पडतीन," बाई म्हणाल्या आणि बाजारात निघाल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. हृदयानं दगा दिला, कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही. शोकसभेत आलेले निरोप वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. सरांचाही निरोप फोनवर आला होता. 'जिला मी हाताला धरून शिकवलं, ती माझी लाडकी विद्यार्थिनी.' मी तो मनातल्या मनात वाचला, पुसून टाकला आणि पुढचा निरोप वाचायला घेतला.

सभा संपल्यावर बाईंचे भाऊ जवळ आले. "डाक्टरसाहेब, नागपूरच्या सरांचं काई आलं नाई का?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच आलं नाही."