बाळाची उलटी आणि आईचं पथ्य

बाळ ओकत होतं आणि मी उपाशी ठेवलं ते त्याच्या आईला.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सोनईला. मी नगरला शाळामास्तर. सुट्टीत पोर बघायला म्हणून गेलो आणि वैद्य होऊन बसलो. पोर दूध प्यायचं, थोड्या वेळाने पिचकारी मारावी तसं पार भिंतीवर उडवायचं आणि लगेच पुन्हा भुकेने वळवळायचं. अंगावरचं दूध बाधतं म्हणजे दोष आईच्या खाण्यात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी डिंकाचे लाडू बंद केले. मग तूर, मग तूप, मग भाकरी. तिच्या ताटात मऊ भात तेवढा उरला. सासूबाई दाराआडून म्हणायच्या, तुमी म्हनाल तसं. पोराच्या मांडीची कातडी लोंबायला लागली. मला एका जागी बसवेना. ओट्यापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारायचो आणि फेरीगणिक आणखी काहीतरी बंद करायचो.

एका सकाळी पोराला रडायलाही जोर उरला नाही, तेव्हा बायको आणि सासूबाईंना घेऊन सर्व्हिस मोटारीने नगर गाठलं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला पाजायला लावलं आणि उघड्या पोटाकडे बघत बसले. कातडीखालून डावीकडून उजवीकडे लाट सरकताना मलाही दिसली. मग चाचपून म्हणाले, जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायू जाड होऊन बोराएवढी गाठ झालीय, दूध पुढे जातच नाही. पूर्वी जठराला दुसरी वाट काढून देत, त्यात बहुतेक मुलं दगावत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की वरचा स्नायू तेवढा चिरावा, आतल्या अस्तराला धक्का लावू नये आणि चीर शिवूही नये. स्नायू हळूहळू सैल करणारं थेंबांचं औषधही असतं, पण तेवढा वेळ या पोराकडे नाही.

अस्तराला धक्का लागला तर, असं मी विचारलं. ते हात धुवायला गेले.

ऑपरेशन होईपर्यंत व्हरांड्यात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की झाडणाऱ्या बाईने मला कोपऱ्यात उभं केलं. संध्याकाळी पोराला चमचाभर साखरपाणी दिलं. आम्ही तिघं सवयीने खाटेपासून लांब सरकून वाट बघत राहिलो. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधही पोटात राहिलं.

मी लगेच विचारलं, आता हिचं पथ्य काय ठेवू? आईच्या खाण्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता, डॉक्टर म्हणाले, तिला पोटभर जेवू घाला.

सासूबाई पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जावयाला येडं म्हनायची आमच्यात रीत न्हाई, म्हनून इतके दिस गप ऱ्हायले. आता म्हनते."