पेरूवाल्या सलीमभाईंचे पुढचे दात

सकाळचे दहा. गेवराईजवळच्या साखर कारखान्याचा सहकारी दंत दवाखाना. दुष्काळाचं वर्ष. दारावर पाटी : 'येताना पाणी आणावे.'

माझ्यासारख्या बातमीदाराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साठतात. माझ्या हिरड्यांवर तिथं उपचार चालू होते, म्हणून हे किस्से फुकटात मिळाले!

* * *

पेरूवाले सलीमभाई कळशी घेऊन आले. वरचे पुढचे दात फाकून बाहेर आलेले आणि हलत होते.

"डॉक्टरताई, रोज बोटानं आत ढकलतो. सकाळी परत भाईर!"

"ढकलू नका," डॉ. वैशाली म्हणाल्या. "मिशरीनं हिरड्या वर सरकल्यात, मुळं उघडी पडलीत. आधी साफ करू, मग आतून तारेनं बांधू."

"मिशरी तर दात घट व्हावेत म्हणून लावत व्हतो!"

* * *

तेवढ्यात कारखान्याचे चेअरमन पाहणीला आले. "एवढा खटाटोप कशाला? उपटून टाका. उपटायला पाणीसुद्धा लागत नाही!"

सलीमभाई उसळले, "सायब, गिऱ्हाईकासमोर पेरू चावून दावल्याबिगर माझा माल कुणी घेत न्हाई. दात गेले की धंदा गेला!"

"बसा साहेब," डॉक्टर चेअरमनना म्हणाल्या, "तुमच्यापासूनच सुरू करते!"

पाहणी तिथंच आटोपली.

* * *

दात साफ करायच्या मशीनला पाणी हवं. कारखान्यानं दवाखान्याला टँकर मंजूर केला होता. मी तो एकदाही पाहिला नाही. चेअरमनना गाठून विचारलं.

"रस्ता खराब आहे."

त्याच रस्त्यानं त्यांची कार रोज धावायची!

* * *

सलीमभाई प्रत्येक खेपेला स्वतःची कळशी घेऊन आले. हिरड्यांची सूज उतरली, तार बसली, दात हलायचे थांबले. डॉक्टरांनी बजावलं, "मिशरी बंद. आणि पुढच्या दातांनी पेरू चावायचा नाही, फोड कापून द्यायची."

"कापून देतो, ताई. पण हसून देतो!"

धंदा वाढला!

* * *

महिन्याभरानं ते तपासणीला आले. पेरू कापून एक फोड डॉक्टरांच्या हातावर ठेवली, एक माझ्या.

"दुष्काळात एवढा रसाळ?" मी विचारलं.

"चेअरमनसायबांच्या बागंतला हाय. सकाळी माल आणाया गेलतो." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "खावा ताई, तुमचंच पाणी हाय. झाडाखाली टँकर उभा व्हता, वर तुमच्या दवाखान्याचं नाव!"

दुपारीच मी चेअरमनच्या केबिनमध्ये शिरलो. त्यांच्या बागेतला पेरू खाल्ल्याचं सांगितलं आणि दवाखान्याचा टँकर बागेत काय करतो, विचारलं.

ते म्हणाले, "पेरू गोड होता ना?"

पाटी अजून दवाखान्याच्या दारावरच आहे.