न पेटणारी गादी

ब्याण्णव साली मिल बंद पडली तेव्हा विनायकराव धारकरांकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या: कापडाच्या गाठींवर गोणपाट शिवून बसलेला हात आणि आगीची धास्ती. मिलच्या गोदामात कापूस पेटला, तेव्हा सोबतचा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत भाजला होता. म्हणून मल्हारगंजात गाद्यांचं दुकान टाकलं, तरी कापसाला त्यांनी हात लावला नाही. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातून ते फोमचे तुकडे आणायचे आणि पाळण्यातल्या बाळांसाठी गाद्या शिवायचे. गिऱ्हाईक आलं की गादीच्या कोपऱ्याला पेटती काडी लावून दाखवायचे.

"देखो भिया, जळतच नाही! पोराला बिनधास्त झोपवा."

पहिली गादी त्यांनी स्वतःच्या नातीला, अनूला दिली होती.

दहा वर्षांनी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी त्यांची पुतणी इरावती दुकानात आली. फोमवर काडी विझलेली बघून तिचा चेहराच उतरला.

"काका, आग लागू नये म्हणून यात केमिकल घालतात. ते धुळीतून बाळाच्या तोंडात जातं. वाढत्या मेंदूला त्यानं अपाय होतो, असं आता संशोधनात दिसतंय."

"अपाय म्हणजे?"

"शिकण्यात, लक्ष लागण्यात मूल मागे पडू शकतं."

"मग आपली अनू..."

"एकेका मुलाचं नाही सांगता येत, काका."

विनायकरावांनी उरलेल्या सगळ्या गाद्या मागच्या अंगणात फेकल्या आणि काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

"अरे, पेट की!" ते ओरडत राहिले. पेटी रिकामी झाली, तरी एकही गादी पेटली नाही.