देवळाची किल्ली

नेवाशाकडच्या आमच्या गावात पत्र्याचं एक चर्च आहे. माझे वडील, आबा, त्याला देऊळच म्हणायचे. त्याची किल्ली चाळीस वर्षं आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला होती. पाळक महिन्यातून एकदा येत, प्रभुभोजन देऊन जात. बाकीचे रविवार आबाच उपासना चालवत. काय वाचायचं, पेटीवर कोण बसणार, हे मंडळीचे पाच पंच लिंबाखाली बसून ठरवत. भांडत, पण ठरवत.

मग नाताळची घंटा वाजवायचा मान कुणाचा, यावरून दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या. आबा म्हणाले, "पंच बसू द्या, मिटंल." मला धीर नव्हता. मी शिकलेला, शहरात सावेडीला फ्लॅट घेतलेला. गावच्या या मानपानाचा मला वीट आला होता. मी शहरात बिशपांच्या ऑफिसला अर्ज लिहिला आणि दोन्ही भावक्यांच्या सह्या घेतल्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, सह्यांना मात्र एका पायावर तयार. दुसऱ्याची जिरणार या आनंदात आपलीही जिरतेय, हे एकाही गाढवाला कळलं नाही. अर्ज लिहिणारं गाढव तर मीच होतो.

आठवड्यात हुकूम आला. पंच बरखास्त, किल्ली ऑफिसच्या ताब्यात. आबांनी ती खिळ्यावरून काढून पाळकांच्या हातावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर पाळक आले की चर्च उघडं, नाही आले की कुलूप. आबा तरी दर रविवारी पायरीवर जाऊन बसायचे. म्हणायचे, "मला देवळातूनच न्या."

गेल्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी आबा गेले. पाळकांची कर्जतला बदली झालेली, किल्ली ऑफिसात जमा, नवे यायचे होते. घरी मयत ठेवून मी मोटारसायकलवर ऑफिस गाठलं. कारकून म्हणाला, "साहेब दौऱ्यावर आहेत. त्यांच्या सहीशिवाय किल्ली देता येत नाही."

मी त्याला वाटेल ते बोललो. खुर्च्या उबवणाऱ्यांनो, तुमच्यातला एक तरी त्या गावात मुक्कामाला राहिलाय का, असंही विचारलं. त्यानं फाईल काढून एक कागद पुढे सरकवला. "नियम आमचा नाही. तुमच्याच मंडळीनं मागितलाय."

अक्षर माझं होतं. 'किल्ली यापुढे आपल्याच ताब्यात असावी व लेखी परवानगीशिवाय कुणासही देऊ नये, ही नम्र विनंती.'

दुपारी आबांना बंद दारासमोर पायरीवर ठेवलं. दोन्ही भावक्या उन्हात एकमेकींना लागून उभ्या होत्या. घंटेची दोरी आत होती. त्यांच्यातला एक जण पहार घेऊन माझ्याजवळ आला. "दादा, तोडू का कुलूप?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नको," मी म्हणालो. "परवानगी न्हाई."